होतकरू, गरजू व निर्व्यसनी

"सुकू, तुझं काम झालं म्हनून समज," असं गोरक्षनाथमामा फोनवर म्हणाले आणि सुकन्याला उचकी लागली.

ही उचकी साधी नव्हती. कुणी आठवण काढली म्हणून लागणाऱ्या उचकीला पाण्याचे दोन घोट पुरतात. सुकन्याला भीती वाटली की उचकी लागायची आणि भीती जाईपर्यंत ती काही केल्या थांबायची नाही. बारावीच्या पेपरांना लागली होती, कल्याणराव बघायला आले तेव्हा लागली होती, पीएचडीच्या तोंडी परीक्षेत तर परीक्षकांनी स्वतः उठून तिला पाणी आणून दिलं होतं. आणि मामांच्या तोंडून 'काम झालं' ऐकून घाबरायला तिला सबळ कारण होतं. मामांनी मागं चुलतभावाच्या बदलीचं काम असंच केलं होतं. त्याला राहुरी हवी होती, तो गडचिरोलीला गेला. मावशीच्या विहिरीचा प्रस्तावही मामांनी नेटानं मंजूर करून आणला होता, फक्त तो शेजाऱ्याच्या नावानं मंजूर झाला होता.

"कुठलं काम, मामा?" तिनं विचारलं.

"आगं, तुझं ते मेंदूचं. जर्मनीचं. सायबांचं पत्र आत्ताच गेलं."

सुकन्यानं फोन कानापासून दूर धरला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

ते मेंदूचं काम म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. सुकन्या मिरजगावच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात मेंदूचं गणित मांडायची. जनावराला रस्ता कसा आठवतो, डोक्यातल्या कुठल्या पेशी त्याला 'इथून वळ' म्हणून सांगतात, ते संगणकावर जसंच्या तसं घडवून बघायचं, हा तिचा विषय. पुण्याच्या प्रयोगशाळांत या कामाला उंदीर असतात. मिरजगावात छबूबाईंच्या शेळ्या होत्या. दीड वर्ष सुकन्या त्यांच्या गळ्यात पट्टे बांधून, त्या कुठून कुठं जातात ते टिपत माळावर हिंडत होती. गावानं सुरुवातीला चौकशी केली, मग बाईंना शेळ्यांचा नाद आहे असं ठरवून विषय सोडून दिला.

आणि जर्मनीत याच विषयाचं एक मोठं केंद्र होतं. ते दरवर्षी जगभरातून चार-पाच संशोधकांना पाहुणे म्हणून बोलवायचं. तीन महिने राहायचं, काम करायचं. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण सगळं त्यांचं. अट एवढीच की पीएचडी होऊन सात वर्षांच्या वर झालेली नसावीत. सुकन्याचं हे सातवं वर्ष होतं. या खेपेला झालं तर झालं, पुढच्या वर्षी तिचा अर्ज त्यांचं यंत्रच परत पाठवणार होतं. सात वर्षांत तिला या विषयावर बोलायला छबूबाईंखेरीज कुणी मिळालं नव्हतं, आणि यंदा हुकलं तर निवृत्तीपर्यंत मिळणार नव्हतं. रात्रंदिवस तिच्या मनात तेवढंच घोळत होतं.

घोळ झाला तो रविवारच्या चहाला. मामा आले होते, टेबलावर अर्जाची माहिती छापून ठेवलेली होती, आणि कल्याणराव जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असल्यामुळे त्यांना कुणी काही विचारलं की पूर्ण समजावून सांगायची सवय होती.

"याला काय काय लागतं?" मामांनी विचारलं होतं.

"अर्ज, संशोधनाची माहिती आणि दोन शिफारसपत्रं," कल्याणरावांनी सांगितलं होतं.

"दोनच?" मामांना अचंबा वाटला होता. त्यांनी खिशातून चष्मा काढला, मग मोबाईल काढला आणि कागदाचा फोटो घेतला. वर अर्जाचा क्रमांक होता, खाली केंद्राचा मेलचा पत्ता होता. मामांना एवढं पुष्कळ झालं.

मामांना दोष देता यायचा नाही. तालुक्यात बोअर घ्यायचं असो, दवाखान्यात खाट हवी असो की नातीला वसतिगृहात घालायचं असो, त्यांनी आयुष्यभर एकच रीत पाहिली होती. आधी साहेबांचं, म्हणजे तालुक्याच्या पुढाऱ्यांचं, लेटरहेड, मग बाकीचं. पत्राशिवायही कामं होतात असं कुणी म्हटलं तर मामा हसायचे. शिफारसपत्र म्हणजे शिक्षकानं विद्यार्थ्याच्या कामाबद्दल लिहिलेलं पत्र, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. शिक्षकाच्या सहीला कोण विचारतं?

"मामा, पत्र कुणी लिहिलं? काय लिहिलंय त्यात?" सुकन्यानं उचकी दाबत विचारलं.

"वाचून दाखवतो की. 'प्रति, माननीय संचालक साहेब, मेंदू केंद्र, जर्मनी. महोदय, उपरोक्त विषयी सदर उमेदवार माझ्या परिचयाचे असून होतकरू, गरजू व निर्व्यसनी आहेत. त्यांची मागणी रास्त असून आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी व केलेल्या कार्यवाहीबाबत मला अवगत करावे.' खाली सायबांची सही. झेरॉक्सवाल्याकडून मेल केलंय. गेलं म्हनून त्याच्या फोनवर दिसतंय बी."

"निर्व्यसनी?"

"मग? तंबाखू तरी खातीस का तू?"

सुकन्यानं फोन ठेवला आणि अर्जाच्या माहितीतलं सोळावं कलम पुन्हा वाचलं. ते तिला पाठ होतं, तरी वाचलं. निवड समितीवर कोणत्याही प्रकारे दबाव आणण्याचा प्रयत्न झाल्यास अर्ज तात्काळ रद्द होईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

कल्याणराव शाळेतून आले तेव्हा ती पलंगावर बसून उचक्या देत होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि शिक्षकाच्या शांतपणानं मार्ग काढला.

"त्यांना सरळ मेल कर. चुकून आलंय, दुर्लक्ष करा म्हणावं."

तिनं तसा मेल केला. दहा मिनिटं खपून, दोनदा क्षमा मागून केला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. ते यंत्रानं पाठवलेलं होतं: आपला मजकूर मिळाला, तो आपल्या अर्जाच्या फाइलीत समाविष्ट केला आहे.

"म्हणजे आता फाइलीत साहेबांचं पत्र आहे आणि त्याच्या खाली माझी कबुली आहे," सुकन्या म्हणाली. कल्याणराव चहा टाकायला आत गेले.

संध्याकाळी तिनं मामांना फोन करून, रडकुंडीला येऊन सांगितलं की मामा, हे असं चालत नाही, तुमच्या पत्रानं माझं नुकसान होईल. मामांना खरंच वाईट वाटलं होतं. तिच्या बोलण्यावर त्यांनी विचार केला आणि त्यातून त्यांना उमगलं ते असं: एकाच गटाचं पत्र गेलं, म्हणजे पोरगी त्या गटाची ठरली. जर्मनीत दुसऱ्या गटाचं कुणी बसलेलं असेल तर तो मुद्दाम आडवा येणार. पोरीचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी विरोधी गटाच्या साहेबांचं पत्र गेलं. मजकूर तोच होता, कारण पत्रं टाइप करणारा झेरॉक्सवाला तोच होता. मग दूध संघाच्या संचालकांना कळलं, आणि त्यांना वगळलं असं व्हायला नको म्हणून त्यांचं गेलं. मग सोसायटीच्या चेअरमनचं, देवस्थानच्या विश्वस्तांचं, भजनी मंडळाचं. गुरुवारी ग्रामपंचायतीनं ठराव घेतला. सूचक वाल्मिक, अनुमोदक मच्छिंद्र, ठराव सर्वानुमते मंजूर. पाणीपुरवठ्याच्या विषयावर सहा महिने एकमत न झालेल्या ग्रामपंचायतीनं सुकन्याला जर्मनीला धाडण्याचं चार मिनिटांत ठरवलं. गावाला तिचं कौतुक होतं, हे खरं होतं, आणि म्हणून तिला कुणावर नीट रागावताही येईना.

प्रत्येक पत्राची बातमी तिला मामा फोनवर द्यायचे. पहिल्या चार पत्रांपर्यंत तिनं केंद्राला चार माफीचे मेल पाठवले आणि ते चारही फाइलीत समाविष्ट झाल्याचं यंत्रानं तिला कळवलं. पाचव्यापासून तिनं माफी मागणं थांबवलं. शनिवारपर्यंत पत्रं बारा झाली.

या सगळ्यात खरी शिफारसपत्रं बाजूलाच राहिली. एक तिच्या पुण्याच्या मार्गदर्शकांचं होतं, ते वेळेवर गेलं होतं. दुसरं विभागप्रमुख रविकांत सरांनी द्यायचं होतं. सर माणूस सज्जन होते, पण कागद त्यांच्या टेबलावर आला की तिथं त्याला घरच्यासारखं वाटायचं.

"सर, ते पत्र?" सुकन्या रोज विचारायची.

"झालंच समजा," सर म्हणायचे. "सही तेवढी राहिलीय."

शनिवारी ती तणतणत कॉलेजातून घरी निघाली, तर वाटेत छबूबाई भेटल्या. चौदाच्या चौदा शेळ्या पुढं, मागं काठी टेकत बाई. त्यांनी सुकन्याकडं निरखून बघितलं.

"लई वाळला तुमी, बाई. जेवत न्हाई का?"

"जेवते हो. काळजी आहे जरा."

"कशाची काळजी करता? मीबी सांगितलंय तुमच्याबद्दल. समदं खरं खरं सांगितलंय."

"कुणाला सांगितलंत?" सुकन्यानं दचकून विचारलं. पण तेवढ्यात बांडी नावाची पांढऱ्या ठिपक्यांची शेळी कुणाच्या तरी मक्यात शिरली आणि छबूबाई शिव्या घालत तिच्यामागं धावल्या. सुकन्या तिथंच उभी राहिली. तिची उचकी दुप्पट वेगानं सुरू झाली, आणि त्याचं कारण नुसतं पत्र नव्हतं. त्याचं कारण बांडी होती.

ही गोष्ट तिनं कल्याणरावांनाही सांगितलेली नव्हती. चौदापैकी तेरा शेळ्या संध्याकाळी माळावरून सरळ वाटेनं घरी यायच्या आणि तिच्या गणितात चपखल बसायच्या. बांडी बसायची नाही. सपाट, मोकळ्या रानात मध्येच ती मोठा वळसा घ्यायची, जिथं वळायला काही म्हणजे काही नव्हतं. सुकन्यानं पट्टा बदलला, पुन्हा बदलला, तरी वळसा कायम. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती. एका शेळीपायी सगळं गणित चुकतंय असं दिसलं तर कोण बोलावणार, या भीतीनं तिनं बांडी वगळली आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'चौदाव्या प्राण्याची माहिती उपकरणातील बिघाडामुळे वगळली आहे.' उपकरणात बिघाड नव्हता. हे तिला ठाऊक होतं आणि छबूबाईंना ठाऊक होतं. तिसरं कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

सोमवारी केंद्राचा मेल आला: शुक्रवारी दुपारी अडीच वाजता, भारतीय वेळेनुसार, समिती आपल्याशी व्हिडिओवर बोलू इच्छिते. त्याखाली एक ओळ होती. 'आपल्या शिफारसपत्रांसंबंधी समितीला काही प्रश्न विचारायचे आहेत.'

शुक्रवारी कल्याणरावांनी रजा टाकली. घरातला पंखा आवाज करतो म्हणून बंद केला, कुकरची शिट्टी काढून ठेवली. मामा सकाळपासून येऊन स्वयंपाकघरात बसले होते. आपल्या हातून काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळलं होतं, नेमकं काय ते अजून कळलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःचा मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला होता. भाचीसाठी याहून मोठा त्याग त्यांनी केला नव्हता.

अडीचला पडद्यावर तीन माणसं दिसली. मधल्या पांढऱ्या केसांच्या बाई म्हणजे केंद्राच्या संचालक. डावीकडं एक गप्प बसलेले गृहस्थ आणि उजवीकडं चष्म्यातला एक तरुण, त्याच्यापुढं कागदांचा गठ्ठा. तो गठ्ठा बघूनच सुकन्याला पहिली उचकी आली.

"आपल्याला बरं वाटत नाही का?" संचालकबाईंनी इंग्रजीत विचारलं.

"भीती वाटली की होतं मला असं," सुकन्या म्हणाली. खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"आमच्याकडं आपली पुष्कळ पत्रं आली आहेत," तरुणानं सुरुवात केली. "आम्ही त्यांचं यंत्राकडून भाषांतर करून घेतलं. बारा पत्रांत म्हटलंय की आपण दारू पीत नाही. अर्जदारांच्या बाबतीत ही तुमच्या भागातली मोठी अडचण आहे का?"

"नाही. म्हणजे, पत्रात असं लिहायची पद्धत आहे."

"आणि काही पत्रांच्या माथ्यावर जिल्हा अहमदनगर छापलंय, खाली शिक्क्यात अहिल्यानगर आहे. आपण एका वेळी दोन जिल्ह्यांत राहता?"

"जिल्ह्याचं नाव बदललंय. लेटरहेड जुनी आहेत. ती संपेपर्यंत वापरतात." सुकन्यानं उचकी दिली आणि हात जोडले. "माझ्या मामांनी हे प्रेमापोटी केलं. मी त्यांना नको म्हटलं होतं. हा दबाव समजून माझा अर्ज रद्द करू नका, एवढीच विनंती आहे."

स्वयंपाकघरात काहीतरी भांडं पडलं. ते मामांकडून पडलं होतं. आपलं प्रेम बारा पत्रांसकट जर्मनीत गुन्हा ठरलंय हे त्यांना त्या क्षणी समजलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण भाचीचे जोडलेले हात दाराच्या फटीतून दिसत होते.

"दबाव म्हणावा तर या लोकांनी काहीच मागितलेलं नाही," संचालकबाई कागद चाळत म्हणाल्या. "उचित ते करा आणि काय केलं ते कळवा, एवढंच लिहिलंय. ते आम्ही कळवू. आमची अडचण वेगळी आहे. आम्हाला दोन शिफारसपत्रं लागतात. पुण्याचं एक मिळालं. आपल्या विभागप्रमुखांचं पत्र मुदतीत आलेलं नाही."

सुकन्याला वाटलं, संपलं. बारा पत्रांच्या भीतीत ती दहा दिवस जळत होती आणि मारलं शेवटी न आलेल्या पत्रानं. तिला रविकांत सरांचं टेबल डोळ्यांपुढं दिसलं आणि रडू आलं.

"पण तेरावं एक पत्र आहे," संचालकबाई म्हणाल्या. "त्याबद्दल आम्हाला बोलायचं आहे."

तरुणानं ते पडद्यावर दाखवलं. वहीचा फाडलेला कागद होता, अक्षर मामांचं होतं आणि खाली निळ्या शाईचा अंगठा होता. लेटरहेड नाही म्हणून मामांनी हे पत्र मोजलंही नव्हतं आणि तिला सांगितलंही नव्हतं. सुकन्या वाचायला लागली.

'मी छबूबाई, राहनार मिरजगाव. मला लिहिता येत न्हाई. मी सांगते, गोरक्षनाथ लिहितात. बाई दीड वरीस माझ्या शेरडांमागं फिरत्यात. उन्हात फिरत्यात, काट्यात फिरत्यात. चौदा शेरडांला पट्टं बांदलं. तेरा नीट घरी येत्यात. बांडी वळसा घालून येती, कारन तिथं वैजनाथचा दगडी बांध हुता. जेसीबीनं काढला त्याला दोन वर्सं झाली, पन बांडीच्या डोक्यातला काढायचा ऱ्हायला. बाईंला वाटलं पट्टा बिघाडला. दोनदा बदलला. पट्ट्याला काय झालेलं न्हाई. बांडीलाबी काय झालेलं न्हाई. बाईंनी मला कवा इचारलं न्हाई, इचारलं असतं तर सांगितलं असतं. बाई घाबरट हायेत, पन लबाड न्हाईत. त्यांला न्या.'

दीड वर्ष सुकन्या त्या रानातून गेली होती आणि तिथं कधी बांध होता हे तिला माहीत नव्हतं. आणि आता समितीला माहीत होतं की तिनं लिहिलेला बिघाड खोटा होता.

"आपण अर्जात उपकरणाचा बिघाड लिहिला आहे," संचालकबाई हळू म्हणाल्या. "आपल्या शिफारसकर्त्या म्हणतात, उपकरण ठीक होतं. खरं काय?"

कल्याणराव दाराआडून तिच्याकडं बघत होते. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण पट्टा दोनदा बदलल्याचं त्या अंगठ्यावर नोंदलेलं होतं.

"त्यांचं खरं आहे," सुकन्या म्हणाली. "उपकरण ठीक होतं. ती शेळी माझ्या गणितात बसत नव्हती. मुदत संपत आली होती आणि मला भीती वाटली, म्हणून मी तिला काढून टाकलं. ही माझी चूक आहे. बांधाचं मला आत्ता, तुमच्यासमोर कळतंय."

एवढं बोलून ती थांबली आणि तिच्या लक्षात आलं की उचकीही थांबली आहे. सगळं गेलंच होतं, आता घाबरायला काही शिल्लक नव्हतं.

पलीकडं इतका वेळ गप्प बसलेले गृहस्थ पुढं सरकले.

"म्हणजे नसलेल्या भिंतीला ती शेळी दोन वर्षं वळसा घालते आहे?" त्यांनी विचारलं. "रोज?"

"रोज. पावसाळ्यातसुद्धा."

"आणि याच्या नोंदी आपण फेकून दिल्या?"

"नाही. वेगळ्या ठेवल्यात. फेकायचीही भीती वाटली."

गृहस्थ संचालकबाईंकडं वळून जर्मनमध्ये भराभर बोलायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते. संचालकबाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

"तेरा शेळ्या सरळ घरी येतात, असे अर्ज आमच्याकडं खूप येतात," त्या सुकन्याला म्हणाल्या. "त्यात बहुधा उंदीर असतात. चौदाव्या शेळीच्या सगळ्या नोंदी आजच पाठवा. आणि ती बिघाडाची ओळ दुरुस्त करून, खरं कारण लिहून पाठवा. बाकी आम्ही कळवू."

"आणि दुसरं शिफारसपत्र?" सुकन्यानं जीव मुठीत धरून विचारलं.

"नियम असा आहे की शिफारस करणाऱ्यानं उमेदवाराचं काम किमान वर्षभर प्रत्यक्ष पाहिलेलं असावं. पदवीची अट त्यात नाही. गावातून आलेल्या तेरापैकी नियमात बसणारं पत्र एकच आहे. ते आम्ही धरलं आहे."

आठ दिवसांनी निवडीचा मेल आला. सुकन्यानं तो तीनदा वाचला, कल्याणरावांकडून एकदा वाचून घेतला आणि सगळ्यात आधी माळावर गेली. छबूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. पर मला तवाच इचारायचं हुतं, बाई." सुकन्यानं बांडीला भाकरी चारली.

गावात खरा जल्लोष वेगळ्याच गोष्टीचा झाला. जर्मन माणूस कागदाला पक्का. बारा पत्रांत 'केलेल्या कार्यवाहीबाबत अवगत करावे' असं होतं, म्हणून केंद्रानं बाराही जणांना सहीशिक्क्याची उत्तरं धाडली: आपल्या पत्राच्या अनुषंगानं कळवण्यात येतं की सदर उमेदवाराची निवड करण्यात आली आहे. साहेबांनी उभ्या हयातीत हजारो पत्रं दिली होती. एकाही कचेरीनं आजवर उत्तर पाठवलं नव्हतं. त्यांनी ते चौकटीत बसवून कार्यालयात लावलं. दुसऱ्या गटाच्या साहेबांनी त्याहून मोठी चौकट केली.

सुकन्याचं भय मात्र संपलं नव्हतं. महाविद्यालयाकडून तीन महिन्यांची रजा मंजूर व्हायची होती आणि त्याशिवाय व्हिसा मिळणार नव्हता. रजेचा अर्ज रविकांत सरांच्या शिफारशीनं वर जायचा होता. पत्राचं विचारलं तेव्हा सर मनापासून खजील झाले होते. "अहो, एवढ्या मोठ्या साहेबांची पत्रं गेल्यावर माझ्या पत्राला कोण विचारणार, असं वाटलं मला," ते म्हणाले होते. रजेच्या अर्जाबद्दल ते म्हणाले, "झालंच समजा. सही तेवढी राहिलीय." असं म्हणून तीन आठवडे झाले. व्हिसाची तारीख नऊ दिवसांवर आली. उचकी परत सुरू झाली.

शेवटी सुकन्यानं आयुष्यात कधी करणार नाही असं ठरवलेलं काम केलं. तिनं मामांना फोन लावला.

"मामा, साहेबांचं एक पत्र मिळेल का? कॉलेजसाठी?"

पलीकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"सुकू, तुला म्हनून सांगतो, कुनाला बोलू नको," ते आवाज खाली आणून म्हणाले. "सायबांच्या पत्राला हितं कोन बी इचारत न्हाई. ते लांबच चालतं. तू असं कर, तुझ्या त्या जर्मनीच्या बाईंचं पत्र आन."

सुकन्यानं लाजत, चार वेळा खोडून संचालकबाईंना मेल लिहिला आणि अडचण सांगितली. पाचव्या दिवशी रविकांत सरांच्या टेबलावर जर्मनीहून कुरिअरनं धाडलेलं जाड पाकीट येऊन पडलं. आत केंद्राचं लेटरहेड होतं. बाईंनी पत्र यंत्राकडून मराठीत करून घेतलं होतं, आणि आपल्याकडं असं पत्र कसं लिहितात हे शिकायला त्यांच्यापाशी बारा नमुने होते.

'प्रति, माननीय विभागप्रमुख साहेब. महोदय, उपरोक्त विषयी सदर उमेदवार माझ्या परिचयाच्या असून होतकरू, गरजू व निर्व्यसनी आहेत. त्यांची रजेची मागणी रास्त असून आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी व केलेल्या कार्यवाहीबाबत मला अवगत करावे.'

रविकांत सरांनी ते उभं राहून वाचलं. मग त्यांनी खिशाचं पेन काढलं आणि रजेच्या अर्जावर सही केली. या खेपेला 'सही तेवढी राहिलीय' म्हणायची सोय नव्हती, कारण पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ होती.

'प्रत माहितीसाठी सविनय सादर: श्रीमती छबूबाई, मिरजगाव.'